सातबाऱ्यावर ‘मालक’ का लिहिलेलं नसतं?

पत्र : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. निवृत्तीच्या पैशातून गावात सहा गुंठे बिगरशेती जागा घेतली आणि घर बांधलं. पुतण्याचं म्हणणं असं, की ज्या जागेसाठी दर वर्षी पैसे मोजावे लागतात आणि न मोजल्यास ती हातची जाते, तिचे आपण मालक नाही, सरकारचे भाडेकरू आहोत. मला ते पटलं आणि मी तीन वर्षं घरपट्टी भरली नाही. आता ग्रामपंचायतीची कलम १२९ ची नोटीस आली आहे. सौ. घाबरली आहे. सातबारा काढून पाहिला तर त्यावर ‘मालक’ हा शब्दच नाही, ‘भोगवटादार’ आहे. न्यू जर्सीतला मुलगा म्हणतो, इथेही तसंच. मग जमिनीची मालकी अशी काही चीज खरोखर असते का? आणि पट्टी भरू की नको? (वडिलोपार्जित साडेतीन एकर शेत अजून वडिलांच्याच नावावर आहे. ते २००९ मध्ये वारले. आम्ही दोघे भाऊ मिळून करतो. बहिणीचं लग्न झालेलं असल्यामुळे तिचा प्रश्न नाही.)
– निवृत्त शिक्षक, जि. सातारा

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

आधी घाईचं. पट्टी भरा, याच आठवड्यात. कलम १२९ ची नोटीस म्हणजे ग्रामपंचायत अधिनियमाखालची वसुली सुरू झाली. आधी मागणीचं बिल, मग मागणीची रिट, म्हणजे पैसे भरण्याचा लेखी हुकूम, त्यालाही दाद दिली नाही तर घरातल्या जंगम वस्तूंची जप्ती आणि विक्री. तेवढ्यानं भागलं नाही तर थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल करण्यासाठी प्रकरण तहसीलदारांकडे जातं. आकारणीच चुकीची वाटत असेल, म्हणजे बांधकामाचं क्षेत्र जास्त धरलंय किंवा जुन्या खोल्यांना घसारा दिलेला नाही, तर पंचायत समितीकडे अपील करता येतं. ते जरूर करा. पण आकारणीवर अपील करणं वेगळं आणि ‘हे सरकार माझा घरमालक आहे’ म्हणून पट्टीच न भरणं वेगळं. दुसऱ्या कारणासाठी वहिनींच्या घरातला फ्रिज उचलला जावा, हे मला बघवणार नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. तो मला आवडला, कारण माझ्या वकिलीतल्या पहिल्या वर्षी मीही त्याच शब्दापाशी अडले होते. आजोबांच्या ट्रंकेत साऱ्याच्या, म्हणजे जमीन महसुलाच्या, पावत्या होत्या, दोऱ्यानं बांधलेल्या. ते म्हणायचे, ‘हा आपल्या जमिनीचा जन्मदाखला.’ पुढे कायदा शिकले तेव्हा कळलं, की साऱ्याची पावती हा मालकीचा पुरावा नसतो, आणि ज्या सातबाऱ्याला ते देवासारखं जपत त्यावर ते मालक नव्हते, भोगवटादार होते. मी दोन दिवस अस्वस्थ होते, म्हणून तुमची अस्वस्थता मला कळते.

या शब्दाला इतिहास आहे. इंग्रजांच्या आधी आपल्याकडे मिरासदार आणि उपरी असे दोन प्रकारचे कसणारे होते. उपरी म्हणजे बाहेरून आलेला, तात्पुरता. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा. तो गाव सोडून गेला आणि कैक वर्षांनी परत आला, तरी त्याची मिरास त्याला परत मिळे. आणि सारा? तो मिरासदारही भरत असे, पुष्कळदा उपऱ्यापेक्षा जास्त. त्या काळच्या गावात ‘सारा भरतो म्हणजे हा भाडेकरू’ असं कोणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. सारा भरणं ही तर मिरासदाराची ऐट होती.

इंग्रज आले आणि हिशेब बदलला. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून मोजणी सुरू केली, शेताशेताचा आकार, म्हणजे साऱ्याची रक्कम, ठरवला आणि तो तीस वर्षांसाठी कायम केला. रयतवारी ती हीच. सरकारचा करार थेट कसणाऱ्याशी : आकार भरत राहा, जमीन तुझी, वारसाला जाईल, विकताही येईल. पण या व्यवस्थेच्या मुळाशी एक गृहीतक होतं, की जमीन शेवटी सरकारची. म्हणून रयतेला मालक न म्हणता ताबेदार, भोगवटादार म्हटलं गेलं. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेत हीच मांडणी आहे, आणि आपला १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम तिचाच वारस. तुमच्या सातबाऱ्यावरचा शब्द तिथून आला. सारा हा कर की खंड, यावर एकोणिसाव्या शतकात थोरामोठ्यांनी वाद घातले. कर असेल तर जमीन रयतेची आणि सरकार त्यातला वाटा मागतं. खंड असेल तर जमीन सरकारची आणि रयत कूळ. तुमचा पुतण्या जे बोलतोय ते नवीन नाही, त्याला कोणी हे सांगितलं नसेल एवढंच.

या वादाचं उत्तर पुस्तकात मिळालं नाही, ते बारडोलीत मिळालं. बारडोली तेव्हा मुंबई इलाख्यातल्या सुरत जिल्ह्यात होती. सरकारनं तिथला सारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला. १९२८ मध्ये शेतकऱ्यांनी वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली तो भरायचं नाकारलं. गुरं जप्त झाली, जमिनी सरकारजमा झाल्या. शेवटी सरकारला ब्रूमफिल्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांची चौकशी नेमावी लागली. त्यांनी वाढ अवास्तव ठरवली आणि ती सुमारे ६ टक्क्यांवर आणली, जप्त जमिनी परत कराव्या लागल्या. खंड ठरवायला मालक मोकळा असतो, त्याला कोणी हिशेब विचारत नाही. इथे मात्र सरकारला आकडे मांडावे लागले आणि ते चुकले हे कबूल करावं लागलं. ते शेतकरी भाडेकरू असते तर हे घडलं नसतं.

(पुतण्या बारडोलीचं नाव घेऊन ‘मग आपणही भरायचं नाही’ असं म्हणू शकेल. त्याला सांगा, बारडोलीकरांची तक्रार वाढीव आकड्याबद्दल होती आणि त्यांनी ती गावच्या गाव एकत्र येऊन, उघडपणे, परिणाम सोसून मांडली. तुमच्या नोटिशीवर असलेला आकडा चुकीचा आहे असं तुम्ही पत्रात कुठेही म्हटलेलं नाही.)

आज कायदा कुठे उभा आहे? राज्यघटनेचा अनुच्छेद २६५ सांगतो, की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही. तुमच्या घरपट्टीचा दर सरपंच मनात येईल तसा लावू शकत नाही. नियमात दरांच्या मर्यादा आहेत, आकारणीची यादी लावून हरकती मागवाव्या लागतात. भाडेकरूची कसोटी लावून बघा. भाड्याचा करार संपला की घरमालक म्हणू शकतो, ‘आता दुसरा माणूस ठेवतो.’ ग्रामपंचायत तुम्हाला असं म्हणू शकते का? तुम्ही ती सहा गुंठे ज्याला हवी त्याला विकू शकता, बँकेत तारण ठेवू शकता, मृत्युपत्रानं मुलाला किंवा गावच्या वाचनालयाला देऊ शकता. यात ग्रामपंचायतीची संमती लागत नाही. आणि पट्टी थकून वेळ लिलावापर्यंत गेलीच, तर थकबाकी आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम तुमची असते. घर सोडताना भाडेकरूला घराच्या किमतीतला वाटा मिळाल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

मुलानं न्यू जर्सीचं सांगितलं, ते बरोबर आहे. अमेरिकेत घरावरचा कर सर्वाधिक असलेल्या राज्यांत त्या राज्याचं नाव वर असतं. पण तिथलाच एक निकाल त्याला वाचायला सांगा. मिनेसोटा राज्यात एका वृद्ध बाईंच्या एका बेडरूमच्या फ्लॅटवर सुमारे २,३०० डॉलर कर थकला. दंड आणि व्याजासह तो १५,००० झाला. काउंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनानं, फ्लॅट ४०,००० ला विकला आणि वरचे २५,००० स्वतःकडे ठेवले. २०२३ मध्ये, त्या बाई ९४ वर्षांच्या असताना, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं, की कर वसूल करा, पण त्यापलीकडचा पैसा बाईंचा आहे, तो गिळता येणार नाही. कर आणि मालकी यांच्यात रेघ कुठे आहे, ते मला या निकालाइतकं स्वच्छ कुठे दिसलं नाही.

आपल्याकडे मात्र ही रेघ पुसली गेल्याची उदाहरणं आहेत, आणि ती मी तुमच्यापासून लपवणार नाही. ‘आकारीपड’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. सारा थकला, सरकारनं जमीन लिलावात काढली, बोली लावायला कोणी आलं नाही, तर जिल्हाधिकारी एक रुपयाच्या नाममात्र बोलीवर ती सरकारकडे घेत. महसूल अधिनियमाच्या कलम २२० मध्ये ही तरतूद होती. बारा वर्षांच्या आत थकबाकी, व्याज आणि दंड भरला तर जमीन परत. बारा वर्षं उलटली तर परतीची वाटच नाही. आणि थकबाकी केवढी? सातबाऱ्यावरचा ‘आकार’ बघा, रुपये-पैशांत असतो. दुष्काळात, स्थलांतरात, घरातला कर्ता गेल्यावर तेवढे रुपये राहून गेले आणि पिढीजात जमीन गेली, अशी कुटुंबं या राज्यात आहेत. बऱ्याच ठिकाणी तीच माणसं ती जमीन पुढेही कसत राहिली, फक्त कागदावर त्यांचं काही नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं अशा जमिनी मूळ खातेदारांना किंवा त्यांच्या वारसांना, बाजारमूल्याच्या ५ टक्के रक्कम घेऊन, परत देण्याचा निर्णय घेतला. उशिरा का होईना, ते योग्य झालं. पण एक रुपयाला घेतलेली जमीन परत देताना बाजारभावाचे टक्के का मोजायचे, हे मला अजून पटलेलं नाही.

कराच्या नावाखाली अन्याय होऊ शकतो, हे मला मान्यच आहे. तरीही मालकीला खरा धोका कराकडून येतो असं मला वाटत नाही. माल्टासारख्या देशात घरावर वार्षिक कर नाही. म्हणून तिथे सरकार रस्त्यासाठी जमीन घेऊ शकत नाही असं नाही. मालकीच्या मर्यादा कराबाहेरच जास्त आहेत. तुमच्या शेतातलं आंब्याचं झाड तोडायला परवानगी लागते. विहिरीतून निघालेला मुरूम विकायचा तर सरकारला पैसे भरावे लागतात, आणि त्या पैशांचं सरकारी नाव ‘स्वामित्वधन’ आहे. स्वामी कोण, ते नावातच आलं. जमीन वर्ग २ ची असेल, म्हणजे वतनाची, सरकारनं दिलेली, तर ती विकायला आधी परवानगी घ्यावी लागते. तुमच्या सहा गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग १’ असं आहे का, तेवढं बघून घ्या. तसं असेल तर आपल्या कायद्यात त्याहून भक्कम धारणा दुसरी नाही, शब्द कोणताही असो.

आणि भूसंपादन. तिथे तर पट्टी नियमित भरणाराही सुटत नाही. तुमच्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात, मुळशी पेट्यात, वीजनिर्मितीच्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. १९२१ पासून सेनापती बापटांनी त्यांच्यासाठी सत्याग्रह केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. त्या माणसांनी सारा थकवलेला नव्हता. तरी धरण झालं आणि गावं पाण्याखाली गेली. १८९४ चा भूसंपादन कायदा तेव्हा होता आणि तो पुढे २०१३ पर्यंत टिकला, स्वातंत्र्यानंतर सहासष्ट वर्षं. नव्या कायद्यानं ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला आणि पुनर्वसन आणलं, खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के बाधितांची संमती आणली. मुळशीकरांच्या हाती तेव्हा यातलं काही नव्हतं.

मालमत्तेचा हक्क पूर्वी मूलभूत हक्क होता. ४४ व्या घटनादुरुस्तीनं १९७८ मध्ये तो त्या यादीतून काढला आणि अनुच्छेद ३००अ मध्ये ठेवला : कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणालाही मालमत्तेपासून वंचित करता येणार नाही. वाक्य छोटं आहे, पण अलीकडे न्यायालयांनी त्याच्यात जीव ओतलाय. हिमाचल प्रदेशात एका निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी घेतली, मोबदला दिलाच नाही. पुढे सरकारनं न्यायालयात काय सांगावं? इतकी वर्षं आमचा कब्जा आहे, तेव्हा जमीन आमचीच. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे फेटाळलं आणि वयाच्या ऐंशीच्या आसपास पोचलेल्या त्या बाईंना मोबदला द्यायला लावला. २०२४ च्या मे महिन्यात कोलकात्याच्या एका प्रकरणात न्यायालयानं ३००अ मधले हक्क मोजूनच दाखवले : नोटीस, म्हणणं मांडायची संधी, सकारण निर्णय, सार्वजनिक हेतू, योग्य मोबदला, वेळेत आणि रीतसर कारवाई, आणि ती प्रत्यक्ष पूर्ण होणं.

मुंबईचं प्रकरण तर थेट आपलंच. तिथल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, जुन्या इमारतींबाबत म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये एक प्रकरण घातलं गेलं. ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली तर मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन इमारत घेता येईल, असं त्यात होतं. मालक न्यायालयात गेले आणि प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठापर्यंत पोचला. ५ नोव्हेंबर २०२४ ला बहुमतानं निकाल आला : प्रत्येक खासगी मालमत्ता म्हणजे समाजाची भौतिक साधनसंपत्ती (घटनेनुसार सर्वांच्या हितासाठी जिचं वाटप व्हावं अशी), असं सरसकट धरता येणार नाही. काही मालमत्ता त्या व्याख्येत बसू शकतात, पण ते तपासावं लागेल. त्या इमारतींत गळक्या छपराखाली राहणाऱ्या भाडेकरूंचा प्रश्नही खरा आहे, आणि मला त्यांच्याबद्दल मालकांइतकीच काळजी वाटते. पण ‘सगळं शेवटी सरकारचंच’ हे पुतण्याचं वाक्य सर्वोच्च न्यायालयात टिकलं नाही, हे त्याला दाखवायला हवं.

तेव्हा मालकी असते, गुरुजी. अमर्याद नसते, मिरासदाराची नव्हती, न्यू जर्सीतल्या मुलाचीही नाही. पण ती सरकारविरुद्धही सांगता येते, न्यायालयात उभी राहते, आणि वारसाला जाते.

आणि इथे मला तुमच्या पत्रातल्या कंसाकडे यायचं आहे. घरपट्टीवर तुम्ही दोन पानं लिहिलीत. साडेतीन एकर शेत पंधरा वर्षांहून जास्त काळ एका गेलेल्या माणसाच्या नावावर आहे, ते मात्र कंसात. माझ्याकडे येणाऱ्या दहा अशिलांपैकी आठ-नऊ जणांची जमीन अडकलेली असते ती इथेच. वारसानं जमिनीत हक्क आला की तीन महिन्यांत कळवायचं असं महसूल अधिनियमाचं कलम १४९ सांगतं. उद्या त्या शेतातून रस्ता गेला तर मोबदल्याची नोटीस वडिलांच्या नावानं निघेल. पीककर्ज, पीकविमा, विहिरीचं अनुदान, सगळीकडे तुम्ही दोघं ‘कोण?’ म्हणून उभे राहाल. तलाठ्यांकडे, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ जोडून अर्ज द्या. मुलाला तिकडून करायचं असेल तर ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइनही करता येतो. नोटीस निघेल, हरकतीची मुदत जाईल, मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतील.

त्या अर्जात वारस किती लिहाल? तुम्ही लिहिलंय, बहिणीचं लग्न झालंय, तिचा प्रश्न नाही. गुरुजी, तिचा प्रश्न आहे. वडिलांच्या जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली २००५ ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल यांनंतर त्यात शंकेला जागा उरलेली नाही. लग्नानं तो वाटा जात नाही. तिला हक्कसोड द्यायचं असेल तर ते तिनं स्वतः, समजून, नोंदणीकृत दस्तानं द्यायचं. रक्षाबंधनाला आली की कोऱ्या कागदावर सही घ्यायची पद्धत मी फार घरांत पाहिली आहे आणि दर वेळी मला वाईट वाटलं आहे. ‘सरकार माझी मालकी मानतं का’ असं विचारत तुम्ही तीन वर्षं पट्टी अडवलीत. ताईंनी तोच प्रश्न तुम्हाला विचारला तर?

प्रतिज्ञापत्रात तिघांची नावं लिहा, आईसाहेब हयात असतील तर त्यांचंही. अर्ज देण्याआधी ताईंना बोलावून साडेतीन एकरांचा सातबारा त्यांच्या हातात द्या आणि त्यांना काय हवंय ते विचारा. त्या काय म्हणाल्या ते मला कळवाल का? वाटणीपत्राचा मसुदा त्यानंतरच करू.